मदत हवी आहे: जुन्या इंग्रजी नाटकातला दाखला कोशात कसा द्यायचा? (तातडीचं)

रेघोटी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. इंग्रजी-मराठी कोशासाठी दाखले, म्हणजे शब्द वापरलेली छापील वाक्यं, लावायचं काम करते. जुन्या इंग्रजी नाटकांतले साठेक दाखले माझ्याकडे होते, त्यातले एकोणीस परत आलेत. सगळ्यांवर शेरा एकच: "साल? प्रत? ओळ सापडत नाही." मी नाटकाचं नाव, अंक, प्रवेश, ओळ, साल सगळं दिलंय. अंक-प्रवेश तर सगळ्या पुस्तकांत सारखेच असतात ना? मग अजून काय हवं? सोमवारी सगळं परत द्यायचंय. कुणी असं काम केलं असेल तर नेमकं सांगा. एखादा नमुना दिलात तर फारच बरं.

चिंचोका
एमएलए पद्धत वापरा. नाटकाचं नाव तिरप्या अक्षरात, मग कंसात अंक, प्रवेश, ओळ, मधे टिंब. माझ्या बहिणीच्या प्रबंधात असंच केलं होतं, गाइडनी एक शब्द काढला नाही. शेवटी संदर्भसूचीत पुस्तकाचा संपादक आणि प्रकाशक द्या.

रेघोटी
चिंचोका, प्रबंध नाही हो, कोश आहे. संदर्भसूची नसते. प्रत्येक दाखल्याला एकच ओळ मिळते, तीही बारीक टायपात.

सांगलीकर_नाना
रेघोटीताई, मी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ओळ सापडत नाही याचं कारण साधं आहे. पद्याच्या ओळी बहुतेक प्रतींत जुळतात, गद्याच्या जुळत नाहीत. गद्याची ओळ कुठे मोडायची हे पानाच्या रुंदीवर ठरतं. हॅम्लेटच्या पाचव्या अंकात कबर खोदणाऱ्यांचा प्रवेश बघा. बराचसा गद्य, दोन प्रती समोर ठेवल्या तर ओळींचे आकडे जुळणार नाहीत. यावर उपाय एकच. १८६४ ची ग्लोब प्रत धरा. क्लार्क आणि राइट यांनी संपादित केलेली, एका खंडात सगळा शेक्सपिअर. पुढे कितीतरी शब्दसूच्या आणि कोश तिच्याच ओळक्रमांकांवर उभे राहिले. कोशाच्या सुरुवातीला "ओळी ग्लोब प्रतीनुसार" असं लिहून टाका, प्रश्न मिटला.

खिळाछाप
नानांचं ओळींबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण प्रश्न त्याने मिटत नाही. ताई, आधी तीन गोष्टी सांगा. शब्द कोणते? नाटक कोणतं? आणि मजकूर कशावरून उतरवलात?

अंक-प्रवेश सगळीकडे सारखे असतात हे खरं नाही. शेक्सपिअरच्या हयातीत छापलेल्या त्याच्या क्वार्टोंमध्ये, म्हणजे एकेका नाटकाच्या छोट्या पुस्तकांत, अंकांची विभागणीच नव्हती. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्र मोठ्या ग्रंथात, हॅम्लेटचे अंक-प्रवेश दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापर्यंत दिलेत, पुढे काहीच नाही. चौथा अंक आज जिथे सुरू होतो ती जागा १६७६ च्या क्वार्टोने ठरवली. १७०९ मध्ये निकोलस रो याने नाटकं संपादित केली, तेव्हा ही विभागणी आणि पात्रांच्या याद्या बऱ्याचशा नीट लागल्या. म्हणजे "४.४" हा आकडा लेखकाचा नाही, नंतरच्या संपादकांचा आहे. दाखल्यात तो द्यायला हरकत नाही, पण चौकटी कंसात.

रेघोटी
एकोणिसातले चौदा हॅम्लेटचे आहेत. मजकूर इंटरनेटवरून घेतला आणि माझ्या कॉलेजच्या पुस्तकाशी ताडून पाहिला, अक्षर न् अक्षर. साल सगळीकडे १६२३ घातलंय, कारण शेक्सपिअरचं अधिकृत पुस्तक तेच ना? मला फक्त फॉर्मॅट हवाय.

खिळाछाप
फॉर्मॅटने हे सुटणार नाही, ताई. हॅम्लेट तीन रूपांत छापलेलं आहे. पहिला क्वार्टो १६०३ चा, आखूड आणि बराच वेगळा. त्याच्या दोनच प्रती उरल्यात, पहिली १८२३ मध्ये सापडली आणि दुसरी १८५६ मध्ये. दुसरा क्वार्टो जवळपास दुप्पट लांब. त्याच्या सात प्रती शिल्लक आहेत, तिघींवर १६०४ छापलंय आणि चौघींवर १६०५. तिसरं रूप फोलिओचं, १६२३. फोलिओत दुसऱ्या क्वार्टोतल्या दोनशेहून जास्त ओळी नाहीत, आणि काही नव्या आहेत. तुमचं कॉलेजचं पुस्तक आणि इंटरनेटवरचा मजकूर, दोन्ही या रूपांच्या मिश्रणातून संपादकांनी तयार केलेले, आजच्या स्पेलिंगातले. दोन मिश्रणं एकमेकांशी जुळली म्हणून १६२३ ला काय छापलं होतं ते कळत नाही. शब्द सांगा.

सांगलीकर_नाना
खिळाछाप, तुम्ही बाईंना उगाच घाबरवताय. मराठी वाचकाला शब्द वाक्यात कसा बसतो ते बघायचंय, छापखान्याचा इतिहास नकोय. आणि सालाचं म्हणाल तर नाटक लिहिलं गेलं १६०० च्या सुमारास. शब्द लेखकाच्या तोंडचा आहे, मग साल लेखनाचं हवं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीतही शेक्सपिअरला लेखनाचं अंदाजी सालच दिलं होतं.

खिळाछाप
होतं, आणि चालू आवृत्तीत त्यांनीच ते बदललं. आता जे नाटक हयातीत छापलं गेलं त्याला छपाईचं साल असतं. जे फक्त फोलिओत आलं त्याला "१६१६ पूर्वी", म्हणजे मृत्यूच्या सालाआधी, आणि पुढे कंसात १६२३. लेखनाचं साल हा अभ्यासकांचा अंदाज, तो दर पिढीत सरकतो. कागदावरची शाई सरकत नाही. शेक्सपिअरच्या काळातल्या मार्लो या नाटककाराचंच बघा. तो १५९३ मध्ये गेला. त्याचं डॉक्टर फॉस्टस १६०४ मध्ये छापलं, मग १६१६ मध्ये वेगळ्या आणि वाढीव रूपात. वाढीव भागातला शब्द मार्लोच्या नावावर १५९० च्या आसपास टाकला तर कोश चुकीची माहिती देईल.

ओवीप्रेमी
हे वाचताना दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आठवला. त्यात शब्दापुढे "ज्ञा." आणि अध्याय-ओवीचा आकडा असतो. माझ्याकडे घरची जुनी ज्ञानेश्वरी आहे आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या पोथीचीही प्रत आहे. कोशातला आकडा एकीत सापडतो, दुसरीत दोन-तीन ओव्या मागेपुढे होतो. पाठही बदलतो. सुरुवातीला मला वाटायचं कोश चुकलाय. कोणती प्रत धरली ते कळल्यावर सगळं जागेवर बसलं. रेघोटीताई, तुमच्या संपादकांनी "प्रत?" विचारलं ते याचसाठी असणार.

पारंबी
कॉपीराइटची काळजी करू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, शेक्सपिअर कधीच मोकळा झालाय. फक्त आजच्या संपादकांच्या टिपा उचलू नका, त्यांच्यावर हक्क असतो.

रेघोटी
पारंबी, धन्यवाद, पण ते विचारलंच नव्हतं. शब्द मुद्दाम देत नव्हते, कारण अडचण सगळ्याच कार्डांची (एका कार्डावर एक दाखला) आहे असं वाटत होतं. आता देते. ज्यावर लाल पेन्सिल सर्वांत जास्त फिरलीय ती दोन कार्डं:

एक, क्रियापद "फस्ट", म्हणजे बुरसणं, कुबट होणं. हॅम्लेट ४.४, १६२३. देवाने दिलेली बुद्धी न वापरता आत बुरसू द्यायची का, असं तो म्हणतो ते.

दोन, क्रियापद "सली", म्हणजे मळवणं, डाग लावणं. हॅम्लेट १.२, १६२३. "टू टू सलीड फ्लेश", हे मळलेलं शरीर वितळून जावं असं म्हणतो ते.

खिळाछाप
ताई, ही दोन कार्डं परत आली ते चांगलं झालं.

"फस्ट" ज्या स्वगतात आहे ते आख्खं स्वगत फोलिओत नाही. १६२३ चं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलंत तरी ती ओळ मिळणार नाही. ती फक्त दुसऱ्या क्वार्टोत आहे. तुमच्या संपादकांनी फोलिओ उघडून शोधली असेल, आणि "ओळ सापडत नाही" हा शेरा अक्षरशः खरा आहे. साल १६०४–०५ करा, क्वार्टोचं नाव द्या, कार्ड उभं राहील.

"सली"चं दुखणं मोठं आहे. "सलीड" हा शब्द तिथे एकाही जुन्या छापील प्रतीत नाही. दोन्ही क्वार्टोंत "सॅलीड" आहे, 'यू'च्या जागी 'ए'. फोलिओत "सॉलिड" आहे, म्हणजे घट्ट. "सलीड" ही नंतरच्या संपादकांची दुरुस्ती. जे त्या जागी छापलेलंच नाही त्याला १६२३ चा पुरावा म्हणून कसं उभं करणार?

सांगलीकर_नाना
दुरुस्ती म्हणून तिला इतकं कमी लेखू नका. डोव्हर विल्सनसारख्या शेक्सपिअरच्या संपादकाने तिची बाजू घेतली ती कारण देऊन. दुसऱ्या अंकात पोलोनियस आपल्या मुलावरच्या बारीक डागांबद्दल बोलतो. तिथे फोलिओत "सलीज" आहे आणि दुसऱ्या क्वार्टोत "सॅलीज". म्हणजे क्वार्टोच्या छापखान्यात "सॅली" असं जुळवलं गेलं ते "सली"साठीच असणं शक्य आहे. मी वर्गात ही ओळ "सलीड" म्हणूनच शिकवली. घट्ट शरीर वितळावं हा अर्थही लागतो, पण आईच्या लग्नाने मळल्याची भावना त्या स्वगतात भरून राहिलीय.

खिळाछाप
नाना, वर्गासाठी पूर्ण मान्य. पोलोनियसचा मुद्दाही वजनदार आहे. पण दाखला म्हणजे साक्षीदार असतो, आणि ज्याच्या साक्षीवर चारशे वर्षांनी वाद चालू आहे त्याला कोशात एकट्याने उभं करू नये. आणि गरजही नाही. "सली" क्रियापद द विंटर्स टेलमध्ये निर्विवाद आहे. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात लिऑन्टिस म्हणतो, माझ्या अंथरुणाच्या चादरींची शुद्धता आणि पांढरेपणा मी स्वतःच का मळवीन? मळवणं हा अर्थ चादरीवर डोळ्यांसमोर दिसतो, यापेक्षा चांगलं वाक्य कोशकाराला कुठे मिळणार? हे नाटक फक्त फोलिओत आहे, क्वार्टोशी पाठभेदाची भानगड नाही. फोलिओतच त्याचे अंक-प्रवेश पूर्ण दिलेत, म्हणून चौकटी कंसही नको. सायमन फोरमन या त्या काळच्या ज्योतिषी-वैद्याने ते १५ मे १६११ ला ग्लोब थिएटरात पाहिल्याची नोंद आहे, त्यामुळे नानांना हवं असलेलं जुनं सालही हाताशी आहे.

सांगलीकर_नाना
चादरीचं वाक्य चांगलं आहे. हे मला सुचायला हवं होतं.

पारंबी
अवांतर: ऑथेल्लोच्या शेवटच्या भाषणात मोती फेकून देणारा "इंडियन" येतो ना? त्यावरून केलेलं देवलांचं झुंझारराव वाचल्यापासून हे विचारायचं होतं. तो आपल्याकडचा माणूस की अमेरिकेतला?

ओवीप्रेमी
अवांतराला अवांतर: आगरकरांचं विकारविलसित १८८३ चं, हॅम्लेटवरून. झुंझारराव १८९० चं. आगरकरांनी ते स्वगत कसं केलंय ते कुणीतरी इथे द्या.

खिळाछाप
पारंबी, १६२२ च्या क्वार्टोत "इंडियन" आहे, फोलिओत "ज्युडियन", तेही 'जे'च्या जागी 'आय' घालून. त्या काळी 'आय' आणि 'जे' एकच अक्षर धरायचे. कुणी तो 'यू' म्हणजे उलटा लागलेला 'एन'चा खिळा मानतात, कुणी खरंच यहुदी मानतात. धाग्यातच आहोत म्हणून सांगतो, "इंडियन" शब्दाला ही ओळ द्यायची तर १६२२ च द्यावं लागेल.

रेघोटी
थांबा सगळे, अवांतर नंतर. "फस्ट"ची ओळ क्वार्टोच्या छायाचित्रात सापडली. पण तिथे "अस" हा शब्द 'व्ही-एस' असा छापलाय, आणि 'एस' काही ठिकाणी 'एफ'सारखा दिसतो. जसंच्या तसं उतरवू की आजच्या स्पेलिंगात?

खिळाछाप
स्पेलिंग जसंच्या तसं. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही' आणि मधे 'यू' ही तेव्हाच्या जुळाऱ्यांची रीत होती, उच्चाराशी तिचा संबंध नाही. ते बदलू नका. लांब 'एस' तेवढा साधा करा, तो फक्त खिळ्याचा आकार आहे, वेगळं अक्षर नाही.

सांगलीकर_नाना
इथे माझा विरोध नोंदवून ठेवा. मराठी विद्यार्थी 'व्ही-एस' वाचून गोंधळेल. निदान खाली मराठी अर्थ पूर्ण वाक्याचा द्या, ताई.

रेघोटी
देते नाना, ते मलाही पटलं. दोन्ही कार्डं अशी केलीत:

फस्ट: १६०४–०५, विल्यम शेक्सपिअर, हॅम्लेट, दुसरा क्वार्टो, लंडन, निकोलस लिंगसाठी छापलेला, [४.४], मग ओळ, मग वाक्याचा मराठी अर्थ.

सली: १६१६ पूर्वी, विल्यम शेक्सपिअर, द विंटर्स टेल, फोलिओ (१६२३), १.२, पान, ओळ, अर्थ.

क्वार्टोला पानांचे आकडेच नाहीत. तिथे काय द्यायचं? आणि ट्रॉयलस अँड क्रेसिडाचं एक कार्ड आहे, फोलिओतून घेतलेलं. तिथे सुरुवातीला ७९ आणि ८० दिसतात, पुढे पानांवर काहीच नाही.

खिळाछाप
पानाच्या तळाशी अक्षर-आकडा दिसतो का बघा, बी, बी २, बी ३ असं. आपल्याकडे छापखान्यात फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या पानाखाली आकडा घालतात तसंच हे, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. तेच द्या आणि पुढे पानाची पुढची बाजू की मागची ते लिहा. अक्षरं तेवीसच धरा, 'जे' आणि 'डब्ल्यू' नसतात, 'यू-व्ही' एकच.

ट्रॉयलस फोलिओत छपाईच्या अगदी शेवटच्या टप्प्यात घुसवलं गेलं, अनुक्रमणिकेतही त्याचं नाव नाही. त्याच्या फर्म्यांवर अक्षराऐवजी परिच्छेदाचं चिन्ह आहे. ते टाइप करायला अडचण असेल तर हिनमन या अभ्यासकाने फोलिओच्या १९६८ च्या छायाप्रतीत दिलेला सलग ओळक्रमांक वापरा, तो दर नाटकात एकपासून सुरू होतो.

सांगलीकर_नाना
पण तो क्रमांक फोलिओच्या ओळींवर बांधलेला आहे. "फस्ट"ला तो लावू नका.

खिळाछाप
बरोबर, नाना. "फस्ट"ला फर्म्याचं अक्षरच.

रेघोटी
मिळालं, पानाच्या तळाशी आहे. हॅम्लेटची बाकीची बारा कार्डं आता क्वार्टो आणि फोलिओ दोन्ही उघडून ताडते. रविवारी रात्री इथेच येईन, ट्रॉयलस अडलं तर.