रन-अपला डिस्प्ले तापला: परत फिरायचं की उडायचं?

काटेपूर्णा
विदर्भ, मे महिना, दुपारचे अडीच, बाहेर ४४ अंश. सेसना १७२, जी१००० पॅनेल (घड्याळांऐवजी दोन मोठे डिस्प्ले), माझी सोलो क्रॉस-कंट्री (एकटीने दूरच्या ठिकाणापर्यंतचं प्रशिक्षण उड्डाण). पुढच्या दोन विमानांमुळे होल्डिंग पॉइंटला (धावपट्टीआधी थांबायची जागा) वीस मिनिटं उन्हात उभी होते. रन-अप (टेक-ऑफआधीची इंजिनची चाचणी) संपतोय तोच डावीकडचा, उड्डाणाची मुख्य माहिती दाखवणारा डिस्प्ले (पीएफडी) मंद झाला आणि खाली 'ॲडव्हायजरी' लुकलुकायला लागलं. दाबून पाहिलं तर 'पीएफडी १ कूलिंग'. म्हणजे डिस्प्लेला पुरेसा थंडावा मिळत नाही, म्हणून तो आपणहून वीज कमी घेतोय. चौकटीला बोट लावलं तर चटका बसला.

टॉवरला सांगून परत आले, स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिला. संध्याकाळी एएमई (विमान देखभाल अभियंता) सरांनी पॅनेलपुढचा पंखा बंद पडल्याचं सांगितलं. माझे इन्स्ट्रक्टर मात्र नाराज. 'पांढऱ्या अक्षरांतल्या संदेशावर सॉर्टी (ठरलेलं उड्डाण) सोडायची नसते,' म्हणाले.

माझं मत: जमिनीवर हा संदेश आला की त्या दिवशी ते विमान उडवायचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तरवारा
चौदा वर्षं शिकवतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. राग मानू नकोस. तुझे सर बरोबर आहेत. लाल वॉर्निंग, पिवळी कॉशन आणि पांढरी ॲडव्हायजरी अशी उतरंड केलीय ती काहीतरी विचार करूनच. डिस्प्ले मंद होतो तो स्वतःला वाचवण्यासाठी. विमानाचं तोंड वाऱ्याकडे कर, ब्राइटनेस उतरव, व्हेंट उघड. हजार फुटांमागे साधारण २ अंश उतरतात, चार हजारांवर ८ अंशांचा फरक पडतो. स्वच्छ दिवस, समोर क्षितिज, वेग, उंची आणि ॲटिट्यूड (विमानाचा कल) दाखवणारी स्टॅण्डबाय, म्हणजे राखीव इन्स्ट्रुमेंट्स शाबूत. पीएफडी गेलाच तर ऑडिओ पॅनेलखालचं लाल बटण दाबलं की सगळं दुसऱ्या डिस्प्लेवर येतं. प्रत्येक संदेशाला परत फिरणारा विद्यार्थी गंभीर काय आणि किरकोळ काय हे कधी शिकणार?

हँगरचा माणूस
सर, लाल बटणाच्या मुद्द्यावर मी अडतो. दोन्ही डिस्प्ले एकाच पॅनेलमध्ये, एकाच उन्हात. १७२ मध्ये पीएफडी आणि एमएफडीच्या (उजवीकडचा डिस्प्ले) पाठीमागे हीटसिंकवर (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग) वारा मारणारा एकेक छोटा पंखा असतो. शिवाय पॅनेलच्या पुढे एक पंखा आहे, तो फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) आणि पॅनेल यांच्यामधली गरम हवा ओढून विंडशील्डच्या आतल्या बाजूला वर फेकतो. तो बंद पडला की छोटे पंखे तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा डिस्प्लेवर मारत बसतात. आज एक मंद झाला, तर दुसरा किती वेळ टिकेल? बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील तेव्हाच दुसऱ्या डिस्प्लेचा आधार. उष्णता दोघांना एकदमच धरते.

आणि दोन्ही गेले तर नुसतं ॲटिट्यूड जात नाही. ऑइल टेम्परेचर, ऑइल प्रेशर, फ्युएल, सगळं तिथेच दिसतं. स्टॅण्डबायमध्ये इंजिनचं एकही घड्याळ नाही. ४४ अंशांत ज्या आकड्यावर डोळा ठेवायचा तोच दिसेनासा होतो.

उत्तरवारा
मान्य, पण हे पंख्याच्या बिघाडाबद्दल झालं. पंखा बंद आहे हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं? तिने निर्णय संदेशावर घेतला. आणि चेकलिस्टमध्ये पंख्याची तपासणी आहेच ना? ॲव्हिऑनिक्स बस १ (इलेक्ट्रॉनिक उपकरणांची वीजवाहिनी) ऑन, पुढचा पंखा ऐकू येतो का पाहा. ऑफ. मग बस २ ऑन, मागचा (शेपटीकडचा) पंखा ऐका. ती केली होती का?

काटेपूर्णा
केली होती, सर, पण हेडसेट घालून. शेजारी दुसरं विमान सुरू होतं. 'फॅन, चेक' म्हणून पुढे गेले. ऐकलं काहीच नव्हतं. ती चूक माझीच. पण म्हणून तर संदेश आल्यावर मला शंका आली: आपण खरंच ऐकलं होतं का? जिथे खात्री नाही तिथे सोलोवर टेक-ऑफ करायला मन धजावलं नाही.

सोनोरन
ॲरिझोनात फिनिक्सजवळ ट्रेनिंग झालं. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ अंश किंवा त्याहून वर गेला होता. आमचा अनुभव असा की खरी लढाई इंजिन सुरू करण्याआधीच असते. विमान उभं असताना विंडशील्डवर बाहेरून कव्हर, पहाटेच्या सॉर्टी. ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या माथ्यावरची जागा) चार्ट, टोपी, फोल्डर काही ठेवायचं नाही, कारण गरम हवा तिथूनच वर येते. सर्रास मुलं नेमकं तेच तोंड झाकून बसतात.

आयपॅडचं तर विचारूच नका. ॲपलने वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलीय. काचेला सक्शनने चिकटवलेला आणि वर चार्जिंगला लावलेला आयपॅड थर्मामीटरचं चित्र दाखवून हमखास बंद पडतो, तोही नकाशा हवा असतो तेव्हा. सावलीत, व्हेंटच्या वाऱ्यात ठेवा, जाड कव्हर काढा, चार्जिंग थांबवा. थंड करायला बर्फाच्या डब्यात टाकू नका, आत ओल धरते. आणि नीबोर्डवर (मांडीला बांधायची पाटी) कागदी चार्ट हवाच.

डायमंडवाली
आमचं विमान डायमंडचं डीए४०. वर सगळी काच, त्यामुळे टॅक्सी करताना कॅनोपी (काचेचं छत) कूलिंग गॅपवर किलकिली ठेवतो आणि टेक-ऑफआधी पूर्ण लॉक करतो. एक वेगळीच गंमत सांगते. एकदा आयपॅड 'तापून काळा पडला' म्हणून मी घाबरले, तर पोलराइज्ड गॉगल होता! मान तिरकी केली आणि नकाशा दिसला. आधी गॉगल काढून पाहा.

उत्तरवारा
कव्हर, पहाट, ग्लेअरशील्ड, सगळं पटलं. हँगरच्या माणसाचा मुद्दाही पटला, इंजिनच्या आकड्यांचा मी विचार केला नव्हता. तरी 'संदेश आला की उड्डाण नाही' हा सरसकट नियम मला मंजूर नाही. विमान वाऱ्याकडे वळवून पाच मिनिटं द्या. संदेश गेला तर इन्स्ट्रक्टर सोबत असताना सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) करायला हरकत नाही.

हँगरचा माणूस
वाऱ्यात धरून संदेश गेला म्हणजे पंखा सुरू झाला असं नाही, सर. सर्किट करा, पण आल्यावर स्नॅग लिहाच. न लिहिता विमान पुढच्याच्या हाती दिलं, तर त्या मुलीला वीस मिनिटांत जे कळलं ते मला महिनाभर कळत नाही.

काटेपूर्णा
पंखा बदलला. काल सकाळी सव्वासहाला त्याच विमानात बसले. हेडसेट मांडीवर ठेवला, बस १ ऑन केली आणि कान पॅनेलकडे नेला. बारीक घुंईऽऽ आवाज आला. ऑफ केलं, थांबला. पुन्हा ऑन केलं, पुन्हा आला.