एमएस: बायकोला लिहिता येतं, पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नाही

सांगलीकर:
बायकोला काही वर्षांपासून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांच्या आवरणाला इजा करणारा आजार) आहे. ती मराठी शाळेत शिक्षिका. मागच्या महिन्यात तिने किराणाची यादी लिहिली आणि दुकानात गेल्यावर तिला ती वाचताच येईना. अक्षर तिचंच, वळणदार. बोलणं, समजणं ठणठणीत. आकडे वाचते, बसचा नंबर, बिलाची रक्कम. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर तोच आहे, पण उजवीकडचं दिसत नाही. एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत मागच्या बाजूला नवा मोठा चट्टा निघाला. सलाईनमधून स्टेरॉईड देऊन झालं. घरात म्हणतात, तिने मनाला लावून घेतलंय. वाचन परत येतं का? घरी काय करून घ्यावं?

स्पीच थेरपिस्ट, नाशिक:
दादा, हे मनाचं नाही, आधी घरच्यांना तेवढं सांगा. तुमच्या वर्णनावरून हा शुद्ध अलेक्सिया वाटतो, म्हणजे लिहिता येतं पण वाचता येत नाही. न्यूरोलॉजिस्टकडून खात्री करून घ्या. पॅरिसचे न्यूरोलॉजिस्ट देजेरीन यांनी 1892 मध्ये असाच रुग्ण नोंदवला होता. तोही लिहायचा, आकडे वाचायचा, शब्द मात्र नाही. त्याला पक्षाघात झाला होता. एमएसमध्ये हे क्वचितच दिसतं.

शब्द ओळखणारा भाग डाव्या मेंदूत, मागे तळाशी असतो. उजवीकडचं दिसेनासं झालं की डावीकडचं दृश्य आधी उजव्या मेंदूत पोचतं आणि मग डावीकडे जातं. चट्टा दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या पुलावरही असला की शब्द अलीकडेच अडकतात. लिहिण्याची वाट वेगळी, म्हणून हात चालतो.

सूज ओसरेल तशी सुधारणा होऊ शकते, पण किती ते आधी सांगता येत नाही. तोवर बोटाने अक्षर गिरवायला लावा. डोळ्याला न उमगलेलं अक्षर हाताच्या हालचालीतून ओळखू येतं. ‘कमळ’, ‘बदक’ आधी, जोडाक्षरं खूप नंतर. पानाच्या उजव्या कडेला लाल रेघ मारा, म्हणजे ओळ कुठे संपते ते कळेल.

पुण्याची एमएसवाली:
भाऊ, माझं वाचन डोळ्याच्या नसेला सूज आल्याने गेलं होतं. ते वेगळं, अक्षरं फिकी दिसायची, मोठी केली की वाचता यायची. वहिनींना मोठ्या अक्षरांनी फरक पडतो का, तेही डॉक्टरांना सांगा. सराव सकाळी, गारव्यात करा. थकवा आणि उकाडा आला की आमचं सगळंच बिघडतं. फोनला मेसेज मोठ्याने वाचायला लावा, मराठीत वाचतो.

सांगलीकर:
आज ‘म’ गिरवून लगेच ओळखला, ‘क्ष’वर रडली. शाळेला कळवायचंय, चिठ्ठीत काय लिहून घेऊ?

स्पीच थेरपिस्ट, नाशिक:
‘एमएसच्या चट्ट्यामुळे वाचन बाधित, समज आणि बोलणं शाबूत’ असं न्यूरोलॉजिस्टकडून घ्या. आकडे येतात ना, मग तूर्त गणिताचे आणि तोंडी तास द्या म्हणून मुख्याध्यापकांना विचारा.