मदत हवी आहे: विनोदी गेम-कॉमिक, अक्षरं तुटतायत, पिक्सेल वाकडे येतायत, रविवारी टाकायचीय

गंगावेस_गेमर
लवकर सांगा कुणीतरी, वेळ नाही. विनोदी वेबकॉमिक करतोय. बाळू नावाचा पोरगा बापाच्या चप्पल दुकानात बसलेला असतो, तिथून थेट जुन्या व्हिडिओ गेमसारख्या दुनियेत जाऊन पडतो. सगळे त्याला वीर, रक्षणकर्ता म्हणतात. त्याला फक्त जेवायच्या वेळेला घर गाठायचंय. चित्रं पिक्सेलची आहेत.
अडचण १: 'मिसळ' लिहिलं की वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते. 'शक्ती वाढली' मधला क पाय मोडून उभा.
अडचण २: मोठं केलं की काही पिक्सेल जाड, काही बारीक. बाळूचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. फोनवर तर सगळंच पुसट.
काय करू?

शिरोरेखा
सॉफ्टवेअर कुठलं, आवृत्ती कुठली? मूळ कॅनव्हास किती पिक्सेल रुंद? कुठे टाकणार, खाली सरकवत वाचायच्या ॲपवर की इन्स्टाग्रामवर? यातलं काहीच सांगितलेलं नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

डीटीपी_लक्ष्मीपुरी
एवढं कशाला भावा. श्रीलिपी टाक, काम संपलं. जुन्या पद्धतीचे फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे ठेवतात, म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरला काही जुळवावं लागत नाही. वेलांटी तू आधी टाइप करतोस, ती आधीच दिसते. लग्नपत्रिका, बॅनर सगळं त्यावरच निघतं.

गंगावेस_गेमर
फोटोशॉप. जुनं. बाकीच्यानं काय फरक पडतो?

शिरोरेखा
पडतो, पण आधी अक्षरांचं बघू. तुमचा फॉन्ट चांगलाच असेल, त्याची अक्षरं जुळवणारं इंजिन बंद आहे.
एडिट, प्रेफरन्सेस, टाइप इथे जा. 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा. पुढच्या आवृत्त्यांत त्याच जागी 'वर्ल्ड-रेडी लेआउट' असं नाव आहे. मग फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. ही सेटिंग नव्या फाइलला लागते. आधी टाकलेल्या मजकुराचा लेयर निवडून परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर हातानं निवडावा लागतो. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि मग फॉन्टला शिव्या देतात.
फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेला. फुग्यांसाठी 'बालू २' किंवा 'मुक्ता', जीव-शक्तीच्या पट्ट्यांसाठी 'खंड', तो अरुंद असल्यानं कमी जागेत बसतो. तिन्हींचा परवाना खुला आहे. ओळींमधलं अंतर 'ऑटो'वर ठेवू नका, ते १२० टक्के असतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. १४० टक्के ठेवा.
आणि डीटीपीवाले दादा, श्रीलिपीत लिहिलेला संवाद उद्या दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. पटकथा, वर्णन, भागांची नावं सगळं युनिकोडमध्ये लागतं. एकच संवाद दोनदा कोण टाइप करणार?

डीटीपी_लक्ष्मीपुरी
कन्व्हर्टर असतोय की. दोन सेकंदाचं काम.

शिरोरेखा
कन्व्हर्टरमधून रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडं होतात. मग ओळ न ओळ तपासत बसायचं. विनोदी कॉमिकमध्ये एक शब्द चुकला तर हशाच जातो.

रंकाळा_८बिट
पिक्सेलवर कुणी बोलेना. कॅनव्हास किती रुंद आहे ते सांग मर्दा.

गंगावेस_गेमर
३०० रुंद. ८०० करतोय, ॲपला तेवढी लागते. पण मी 'निअरेस्ट नेबर'च (मोठं करताना कडा मऊ न करणारी पद्धत) निवडतोय, मला पण एवढं कळतंय.

रंकाळा_८बिट
तिथंच घोळ आहे. ८०० भागिले ३०० म्हणजे २.६७. अर्धवट पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून एक चौकोन ३ चा, पुढचा ३ चा, त्यापुढचा २ चा होतो. दोन पिक्सेल रुंदीचा डोळा एका जागी ६ चा, दुसऱ्या जागी ५ चा. पद्धत बरोबर निवडलीस तरी पट पूर्णांकातच पाहिजे, नाहीतर हे होणारच.
८०० साठी मूळ रुंदी २०० ठेव आणि ४ पट कर. किंवा १६० ठेवून ५ पट. १६० बाय १४४ हा जुन्या गेम बॉयचा पडदा, ५ पट केला की ८०० बाय ७२०, म्हणजे तुझी एक चौकट बरोब्बर एका गेम बॉयएवढी. विषयालाही शोभतं.
कापणी ८०० बाय १२८० च्या तुकड्यांत कर. ४ पटीत १२८० म्हणजे मूळ ३२० ओळी, ५ पटीत २५६. दोन्हीकडं पूर्ण भाग जातो, पिक्सेल मधोमध कापला जात नाही. कापाची रेघ दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेतच आण, फुग्यावरून नको. काही फोनवर दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी फट दिसते.
इन्स्टाग्रामवर पण टाकणार असशील तर १०८० ला २०० चा पूर्ण भाग जात नाही. २०० ला ५ पट करून १००० कर आणि दोन्ही बाजूंना ४०-४० ची काळी पट्टी ठेव. उंची २७० घे, ५ पट १३५०.

गंगावेस_गेमर
आणि पुसट का दिसतंय? ते राहिलं.

रंकाळा_८बिट
फोनवर कसं बघतोयस? फाइल कुठल्या प्रकारची?

गंगावेस_गेमर
जेपीजी. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून बघतो, सगळे तसंच करतात.

रंकाळा_८बिट
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं. व्हॉट्सॲप फोटो परत दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग खरं चित्र दिसेल. जेपीजी पिक्सेल-चित्राला नकोच. ती रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवते, म्हणून काळ्यावरच्या लाल कडा सगळ्यात आधी फुटतात. पीएनजी कर, इंडेक्स्ड म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीतली, ६४ रंग. चित्राला १६ पुरतात, उरलेले अक्षरांच्या मऊ कडांसाठी. बहुतेक वेळा फाइल जेपीजीपेक्षा लहानच होते.
एवढं करूनही थोडा मऊपणा राहील. १०८० रुंदीच्या फोनवर ८०० चं चित्र १.३५ पट ताणलं जातं आणि ते ताणणं आपल्या हातात नाही. म्हणूनच चौकोन ४-५ चा ठेवायचा. २ चा चौकोन त्या ताणात विरघळतो, ५ च्या चौकोनाची फक्त कड मऊ होते.

तिकटी_कट्टा
हे सगळं ठीक आहे, पण गोष्टीचं काय? नको म्हणणारा वीर तीन भागांत कंटाळवाणा होतो, कारण प्रत्येक भागात तेच: चल, नाही, चल, नाही. बाळूच्या प्रत्येक नकाराची किंमत पुढच्याच चौकटीत दिसली पाहिजे. त्यानं तलवार उचलली नाही तर ती दुकानाच्या दारातच वाढत जाते, गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही, असं.
आणि गेमचाच नियम वापर. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये सोडवलेली राजकन्या वीराला मला नेणार का असं विचारते, आणि 'नाही' निवडलं की तोच प्रश्न परत येतो, 'होय' म्हणेपर्यंत. यात तुझा अख्खा पहिला भाग आहे. पहिल्या चौकटीत होय-नाही. दुसऱ्यात 'नाही' बारीक अक्षरात. तिसऱ्यात दोन्हीकडं 'होय'. चौथ्यात बाळू ती होय-नाहीची चौकटच उपटून काढतो, जमिनीवर आडवी टाकतो आणि तिच्यावर झोपतो. खाली सरकवताना वाचणाऱ्याला पुढची चौकट दिसत नाही, म्हणून शेवटच्या दोन चौकटींच्या मधे कमीत कमी ४०० पिक्सेल मोकळी जागा सोड. हशा त्या थांब्यातून येतो.

गंगावेस_गेमर
गोष्टीचं विचारलंच नव्हतं. पण चौकटीवर झोपतो हे घेतो.

पिक्सेल_पक्का
शिरोरेखा ताई, पिक्सेलच्या चित्रावर गुळगुळीत 'बालू'? दोन वेगळी जगं एकत्र वाटतात. अक्षरं पण पिक्सेलचीच पाहिजेत.

शिरोरेखा
देवनागरी ८ बाय ८ मध्ये बसत नाही. रोमन बसते, म्हणून जुन्या गेममध्ये ती छान दिसते. आपल्याला शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतो. वर ४ ओळी, शिरोरेखा १, अक्षराचं अंग ७, खाली ४, एकूण १६. ४ पट केलं की एकच ओळ ६४ पिक्सेल उंच. २०० रुंदीच्या संवादपेटीत कडेला ८-८ सोडलेत तर १८४ उरतात, अक्षर सरासरी ९ धरलं तर ओळीत २० अक्षरं. दोन ओळींत ४०. बाळूची बडबड त्यात मावेल का?

पिक्सेल_पक्का
बाळूची नाही, पण दुनियेची मावते. 'तलवार मिळाली.' 'शक्ती वाढली.' गेम बोलतो ते पिक्सेलच्या अक्षरांत, माणसं बोलतात ते गुळगुळीत. वाचणाऱ्याला न सांगता कळतं कोण बोलतंय.

शिरोरेखा
हे मान्य. मग एक क्रम पाळा: २०० वर चित्र आणि पिक्सेलची अक्षरं, ४ पट वाढ, आणि त्यानंतरच ८०० च्या फाइलवर गुळगुळीत मजकूर, ३६ पिक्सेलपेक्षा बारीक नाही. उलटं केलं तर फुग्यातली अक्षरं दातेरी होतील. वाढवलेली चित्राची फाइल एकाच लेयरवर आणून कुलूप लावा, म्हणजे फुगा हलवताना चित्र हलणार नाही.

रंकाळा_८बिट
जीवाची पट्टी तांबडी आणि जादूची पांढरी कर. तांबडा रस्सा प्यायला की जीव भरतो, पांढरा प्यायला की जादू. रश्श्याच्या वाट्या १६ बाय १६ मध्ये बसतात.

डीटीपी_लक्ष्मीपुरी
पांढऱ्याला पिवळट छटा देऊ नकोस. त्यात हळद नसते. नारळाचं दूध, खसखस, काजू आणि मटणाचं पाणी. इथला वाचक पहिल्या वाटीलाच पकडेल. सावली निळसर राखाडी दे. तांबड्यावर मात्र तेलाचा तवंग पाहिजे, भगव्या रंगाचे चार पिक्सेल टाकले की झालं.

तिकटी_कट्टा
पांढऱ्या पट्टीला पांढऱ्या फुग्याजवळ ठेवू नका, दिसणार नाही. गडद कड लागेल.
आणि गुहेसाठी पन्हाळ्याची अंधारबाव बघा. तीन मजली आहे, खाली पाणी. खाली सरकवत वाचायच्या कॉमिकला याहून चांगली जागा नाही, वाचणारा बोटानं एकेक मजला उतरतो. बाळूला मात्र वरच्याच मजल्यावर थांबायचं असेल.

डीटीपी_लक्ष्मीपुरी
दहा भाग झाले की छापून काढ. ए-५ ला ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) १७४८ पिक्सेल रुंदी लागते. २०० ला ८ पट, १६००, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, दोन्हीकडं सहा-सात मिलिमीटर समास राहतो. पानं ४ च्या पटीत. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव, चार रंगांतलं काळं घेतलंस तर प्लेट जरा सरकली की अक्षराला रंगीत झालर येते.

गंगावेस_गेमर
छापायचं नाही, रविवारी टाकायचंय! अक्षरं जुळली, कंपोझर बदलल्यावर 'मिसळ' आणि 'शक्ती' दोन्ही बरोबर. २०० वर परत काढायला घेतलंय. आता 'दुसऱ्या' मध्ये र वर जाऊन रफार बनतोय. हे काय नवीन?

शिरोरेखा
साधा र टाइप केलात तर रफारच येणार. 'दुसऱ्या', 'पुजाऱ्या', 'कोऱ्या' यांना खाली नुक्ता असलेला ऱ लागतो, मग पायमोड, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. फोनवर र दाबून धरलात की बहुतेक कळफलकांत ऱ मिळतो.

पिक्सेल_पक्का
पिक्सेलच्या अक्षरांत तो ऱ्य मीच काढून देतो. पापणीला, म्हणजे य च्या डावीकडच्या त्या वळणदार रेघेला, तीन पिक्सेल पुरतात, पण ती शिरोरेखेला टेकवायची नाही, मध्ये एक ओळ मोकळी ठेवायची. संवादपेटीची फाइल पाठव, ४ पट करायच्या आधीची.