पंपाने न थांबलेली घरघर : तुमचे अनुभव लिहा

मोठ्या माणसाचा श्वास वाजू लागला की दवाखान्यात पहिलं नाव दम्याचं निघतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. हा धागा उरलेल्यांसाठी. पंप झाला, वाफ झाली, स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, तरी घरघर थांबेना आणि शेवटी कारण वेगळंच निघालं, असं तुमच्याकडे घडलं असेल तर सविस्तर लिहा. आवाज श्वास घेताना यायचा की सोडताना, हेही आठवून लिहा. दम्याची शिट्टी बहुधा सोडताना ऐकू येते. स्वरयंत्राशी अडथळा असला तर श्वास आत ओढताना.

माझ्या मावशीला आडवं झालं की गळ्यातून कर्कश आवाज यायचा, उठून बसली की कमी. मानेवर गाठ फारशी दिसत नव्हती. एका तरुण डॉक्टरने तिला दोन्ही हात वर करून कानाला लावून ठेवायला सांगितलं. जरा वेळात चेहरा लालबुंद, श्वास कोंडलेला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, थायरॉइड वाढून छातीच्या हाडामागे उतरलं होतं आणि श्वासनळी दाबत होतं. ऑपरेशन मानेतूनच झालं.

कृष्णाकाठ
वडील २०२१च्या दुसऱ्या लाटेत व्हेंटिलेटरवर होते. घरी आले, हिंडूफिरू लागले, आम्ही पेढे वाटले. काही आठवड्यांनी जिना चढताना श्वास वाजायला लागला. जो तो म्हणे, कोविडनंतर फुप्फुसं अशीच राहतात. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन चांगला, त्यामुळे कुणाला घाई वाटेना. पुढे बसल्या जागीही आवाज येऊ लागला तेव्हा दुर्बिणीतून पाहिलं. घशातून घातलेल्या नळीचा फुगा जिथे टेकला होता तिथे आतून जखम झाली होती, आणि ती भरताना श्वासनळी आवळत गेली होती. सर्जननी कागदावर काढून दाखवलं : श्वासनळी साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते, ८च्या आसपास आली की श्रमाने धाप लागते, ५च्या आसपास आली की बसल्या बसल्या. म्हणजे त्रास जाणवेपर्यंत निम्मी वाट बंद झालेली असते!

फुग्याने रुंद केली, परत आवळली. अखेर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडली. मान मागे जाऊन टाके ताणू नयेत म्हणून हनुवटी छातीशी टाक्याने बांधली होती. ते दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आता सकाळी अभंग म्हणतात, आवाज जरा घोगरा आहे. आयसीयूतून आलेल्या माणसाचा श्वास वाजला, तर ‘घशात नळी होती’ हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

पानमळा
आजोबांच्या फक्त उजव्या बाजूला घरघर, न्यूमोनियाही फिरून फिरून तिथेच. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा, सुपारीचं खांड निघालं. एक्स-रेत ते दिसलं नव्हतं. ठसका कधी लागला होता, त्यांना आठवतही नव्हतं.

फुंकर
मी पीएफटी करते, म्हणजे फुंकायची तपासणी. दम्यात आलेखाची वरची, श्वास सोडतानाची बाजू खोलगट होते. श्वासनळी पक्की आवळलेली असेल तर वरची आणि खालची दोन्ही बाजू सपाट होऊन डब्यासारखा चौकोन उमटतो. पण त्यासाठी फुंकून झाल्यावर तेवढ्याच जोराने श्वास आत ओढावा लागतो. घाईगर्दीत नुसतं फुंकून घेतलं की खालची बाजू कागदावर येतच नाही. रिपोर्ट घेताना आकड्यांबरोबर आलेखही मागून घ्या.

सातपुडा
माझी श्वासनळी स्वरयंत्राच्या खालीच आवळली आहे. घशात व्हेंटिलेटरची नळी कधी घातली नव्हती, टीबी नाही, रक्ताच्या तपासण्या साफ. कारण न सापडणारा हा प्रकार जवळजवळ फक्त बायकांमध्येच दिसतो, तोही बहुधा तिशी ते पन्नाशीत. दुर्बिणीतून रुंद करतात, काही महिने बरे जातात, मग फोनवर बोलताना दम पुरेनासा होतो आणि मला कळतं. इथे हा त्रास असलेली अजून कुणी असेल तर विचारायचं आहे : दोन वेळांमधलं अंतर वाढवायला तुम्हाला कशाचा उपयोग झाला?