प्रागचे दगड आणि आईचे गुडघे

रमतगमत: मे महिन्यात आई-बाबांना प्रागला नेलं होतं. आई बहात्तरची, दोन्ही गुडघ्यांची बोंब, लांब जायचं तर व्हीलचेअर. माझं मत झालंय की ज्यांना चालवत नाही त्यांनी युरोपातल्या जुन्या शहरांच्या वाटेला जाऊच नये. जुन्या चौकाकडे जाणाऱ्या गल्लीत दगडांच्या फटीत खुर्चीचं पुढचं छोटं चाक अडकलं, आई पुढे कलंडली. दंड धरला म्हणून वाचली. मग खुर्ची उलटी फिरवली आणि मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत नेली. रात्री म्हणाली, "सगळी हाडं खुळखुळली रे." किल्ल्याच्या चढावर तर बाबा आणि मी दोघंही घामाघूम.

चाकोरीबाहेर: अकरा वर्षं खुर्चीत आहे, प्राग दोनदा पाहिलंय. जाऊ नये हे तुम्ही कोण ठरवणार? आईंना विचारलंत? किल्ल्यावर खालून कशाला चढवलंत? २२ नंबरची ट्राम वरच्या अंगाला सोडते, तिथून आत जायला फारसा चढ नाही. कुठली ट्राम लो-फ्लोअर आहे ते थांब्यावरच्या वेळापत्रकात खुर्चीच्या खुणेनं कळतं. खगोलीय घड्याळ ज्यावर आहे त्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. किल्ल्यातल्या सेंट व्हायटस चर्चचा मनोरा मात्र सोडा. २८७ पायऱ्या, धडधाकट माणसंही वर जाऊन कण्हतात.

पेठेतला: लिफ्ट ठीक. पण उद्या म्हणाल दगडच काढा. चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ साली सुरू झालं, त्याच्या तोंडाशी डांबर ओतायचं का? अथेन्सला अक्रोपोलिसवर, त्या प्राचीन देवळांच्या टेकडीवर, काँक्रीटच्या वाटा टाकल्या, केवढा गदारोळ झाला!

चाकोरीबाहेर: त्याच सुमाराला, डिसेंबर २०२० मध्ये, तिथे नवी लिफ्टही आली. ती नाही आठवली?

डच_जावई: डांबर कोण मागतंय? नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरानं मध्यवस्तीतले जुने दगड उपसले, कापले आणि कापलेली सपाट बाजू वर करून पुन्हा बसवले. दगड तेच, फक्त पालथे. २०१९ चा युरोपचा सुगम शहर पुरस्कार त्यांना मिळाला. आमच्या सासूबाई वॉकर घेऊन तिथे बाजारहाट करतात.

पेठेतला: पालथा घातलेला दगड जुना कसा? त्याची झीज हाच तर इतिहास. रायगडाला रोपवे झाला, चांगलं झालं, माझी आजी त्यातूनच वर गेली. म्हणून होळीच्या माळावर फरशी घालाल?

डच_जावई: सगळा माळ नको. खुर्चीच्या रुंदीची एक पट्टी पुरे.

पेठेतला: पट्टीचं बघू. पण ती कापायची करवत मात्र माझ्या हातात द्या, तुमच्या नको.

रमतगमत: आईला हे सगळं वाचून दाखवलं. "पुढच्या वेळी ट्रामनं जायचं," म्हणाली, म्हणजे पुढची वेळ तिनं ठरवूनही टाकली. आता सांगा, खुर्चीला पुढे जरा मोठं, जाड चाक बसवून मिळतं का? पुण्यात कोणी करून देतं का?