१५×७० दुर्बिणीला घरच्या घरी स्टँड, दीड हजारात जमेल का?

गच्चीवाला_गोरेगाव:
मंडळी, १५×७० दुर्बीण (१५ पट मोठं दाखवणारी, ७० मिमी भिंगाची) घेतलीय, वजन साधारण दीड किलो. हातात धरून चंद्र ठीक दिसतो पण कृत्तिकांकडे वळवली की तारे नुसते नाचतात. घरी फोटोचा ट्रायपॉड आहे, त्यावर लावली तर समोरचं मस्त, पण वरचं बघायचं तर पाय मध्ये येतात आणि मान मोडते, आणि मुंबईतून कृत्तिका तर जवळजवळ डोक्यावरूनच जातात. विकतचा पॅरॅलेलोग्राम माउंट (समांतर पट्ट्यांचा, खालीवर होणारा स्टँड) परवडणारा नाही. हत्यार म्हणाल तर एक ड्रिल मशीन. आठ वर्षांच्या मुलीलाही बघता यायला हवं. काय करू?

रंधा_आणि_तारे:
मुलीला दाखवायचंय ना, मग पॅरॅलेलोग्रामच कर. दोन लांब पट्ट्या समांतर राहतात म्हणून दुर्बीण खालीवर केली तरी तिचा रोख बदलत नाही, तू कृत्तिका लाव आणि तिच्या उंचीला खाली आण, तिला तेच दिसणार. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे अॅल्युमिनियमच्या एक इंची चौकोनी पाइपचे उरलेले तुकडे मिळतात, ते घे. दोन्ही लांब पाइप एकावर एक क्लॅम्प करून एकदमच भोकं पाड, अंतरात फरक पडला की सगळा खेळ अडकतो. सांध्यात नायलॉनचे वॉशर आणि नायलॉक नट, साधा नट फिरून फिरून ढिला होतो. मागचं वजन: दुर्बीण सांध्यापासून ६० सेंमीवर असेल तर मागे ३० सेंमीवर तिच्या दुप्पट, म्हणजे तीन किलो, आणि पुढच्या पाइपचं थोडं वरती. जुन्या डंबेलची प्लेट चालते.
फक्त एल ब्रॅकेट, म्हणजे दुर्बीण स्टँडला जोडणारी एल आकाराची पट्टी, विकत घे, तो घरी बनवायच्या भानगडीत पडू नको. दुर्बिणीच्या मधल्या बिजागरीसमोरची टोपी फिरवून काढ, आत आटे दिसतील. ट्रायपॉडला लागतो तो स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा, नागदेवी स्ट्रीटवर "दोन सुती बोल्ट" (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मागितला की देतात. सहा एमएमचा घेऊ नकोस, दोन आटे जातो आणि मग अडकतो.

आरामखुर्ची:
वरचं सगळं बरोबर, पण हे ओझं घेणार कोण? दुर्बीण, पाइप, प्लेट मिळून पाचसहा किलो होतात, फोटोचा हलका ट्रायपॉड त्याखाली डुगडुगेल, मग हातात धरलेली काय वाईट! माझं मत, आधी फुकटातलं करून बघ. आरामखुर्चीत मागे रेल, जाड काठी दोन पायांमध्ये टेकव, तिच्या टोकावर तोच एल ब्रॅकेट. थरथर बरीच कमी होते आणि मानही दुखत नाही. लोकलने वांगणीला, अंधाऱ्या आकाशाखाली न्यायचं तर काठीच बरी.

गच्चीवाला_गोरेगाव:
काठी पटली, पण मुलगी तेवढ्या उंचीला कशी बघणार? आणि गच्चीवर वारा असतो हो.

रंधा_आणि_तारे:
तिला वेगळी आखूड काठी, पण तुझा नेम तिला आयता मिळणार नाही, दरवेळी शोधाशोध. म्हणून मी पॅरॅलेलोग्रामवरच अडून आहे. पायांचं म्हणशील तर चोरबाजारात सर्व्हेवाल्यांचे जुने लाकडी ट्रायपॉड दिसतात, तो दणकट असतो, वाऱ्याला दाद देत नाही, घासाघीस मात्र कर. डोक्यावरचा बोल्ट बहुतेक पाच सुती असतो, तोच पॅरॅलेलोग्राम ज्या फळीवर बसवशील तिच्यातून घे.
आणि एक, दुर्बीण काढायच्या आधी मागचा हात दोरीने ट्रायपॉडला बांध. नाहीतर वजन धाडकन खाली आणि पुढचे पाइप वर, पोरगी समोर असली तर थेट हनुवटीवर.

आरामखुर्ची:
बरं, हरलो. पण सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली मिळेपर्यंत काठी बनवून ठेव.