दीड तास झालाय, अर्धा तास उरलाय: मोटोजीपीचा गेम ठेवू का परत करू?

वाळूज_सेकंड_शिफ्ट

मंडळी, घाईचा प्रश्न आहे. गेल्या आठवड्यात सेल लागला म्हणून मोटोजीपी 23 हा बाइक रेसिंगचा गेम घेतला. दीड तास खेळून झालाय, त्यातला एक तास तरी मी डांबरावर घसरत काढलाय. स्टीमवर (गेम विकायची ऑनलाइन साइट) घेऊन 14 दिवस व्हायच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर पैसे परत मिळतात. म्हणजे हातात अर्धा तास. आता गेम चालू करायचीच भीती वाटायलीय.

गाव जिंतूर, कामाला वाळूजला, रूम बजाजनगरात. सहा वर्षं झाली पल्सर चालवतो. सणासुदीला जालना-मंठ्यावरून गाडीवरच गावाकडं जातो. सहा वर्षांत एकदाच पडलो, तेही कुत्रं आडवं आलं म्हणून. आणि इथं? आपल्या देशातलं म्हणून बुद्ध सर्किट निवडलं. पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला की गाडी पुढून तरी जाती, नाहीतर मागचं चाक उचलून हँडलवरून पलटी. ब्रेक कमी दाबला तर सरळ खडीत. रूममेट मागं बसून मोजायलाय. काल रात्री एकविसाव्यांदा पडलो तेव्हा तो झोपला, कारण त्याला सकाळची शिफ्ट होती.

लहानपणी स्टँडमागच्या कॅफेत दहा रुपये तासानं रोड रॅश लै खेळलोय. त्यात ब्रेक कुठल्या बटनावर होता हे मला आजपण माहीत नाही. शेजारच्याला साखळीनं हाणायचं आणि पुढं निघायचं, एवढंच.

तर सांगा: मला येईना गेलंय का गेमच असा आहे? रोज खरी गाडी चालवणाऱ्याला हा सोपा जायला पाहिजे ना? मोबाइलच्या डेटावर तीन रात्री घालवून उतरवलाय, म्हणून जीव अडकलाय.

रिव्हाइंड_बंद

परत कर आणि बिर्याणी खा. दरवर्षी नाव तेच, पुढचा आकडा बदलतो, गाड्यांचे रंग बदलतात, रायडर या टीममधून त्या टीमला जातो. प्रेक्षक तर पुठ्ठ्याचे. भाष्य करणारा तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणला की मी आवाज बंद करतो. ऑनलाइन खेळावं म्हणलं तर रात्री अकराला रूममधी मी एकटाच. परभणीच्या स्टँडवर त्या टायमाला जास्त माणसं असतात.

शॉकपवाले_काका

बाळा, गेम बंद ठेवूनच हे वाच, म्हणजे तुझा अर्धा तास जळायचा नाही.

माझं अंबाजोगाईत गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. पोराच्या इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घेतला होता. पोरगं पुण्याला गेलं, कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. आठला शटर ओढतो, जेवतो आणि एक शर्यत खेळतो. मंडळी म्हणतात, दिवसभर गाड्यांत डोकं घालून पोट भरलं नाही का.

तू म्हणतोस खरी गाडी येते म्हणून गेम सोपा जायला पाहिजे. तुझं तिथंच चुकायलंय. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे मागचे लायनर घासून लोखंडाला लागलेले असतात आणि पुढचे पॅड नव्यासारखे. कारण प्रत्येकाला बापानं किंवा मामानं सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक धरू नको, पडशील. बापाचं पण खोटं नव्हतं, मातीच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक पाडतोच. पण कोरड्या डांबरावर गाडी थांबवतं ते पुढचंच चाक. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, ते बिचारं काय थांबवणार? गेम तुला हेच करायला लावतो आणि तू सहा वर्षांची सवय घेऊन तिथं गेलास.

वर तू रिमोटवरचा ब्रेकचा ट्रिगर लाइटच्या बटनासारखा दाबत असणार. तसा नाही दाबायचा. आधी हलका दाब दे, पुढचे शॉकप बसू दे, टायरवर वजन येऊ दे. मग वाढव. पुढचं टायर वजन आलं की जास्त धरतं. वजन यायच्या आधी आवळलं की घसरतं, आणि वजन आल्यावरही आवळतच राहिलास की मागचं चाक आभाळात. तुझ्या दोन्ही पलट्यांचं कारण हेच.

दुसरी गोष्ट, टायरकडं एकच रुपया असतो. गाडी झुकवण्यात बारा आणे घातले तर ब्रेकला चार आणेच उरतात. म्हणून वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही आणि धरूनही ठेवायचा नाही. जसजशी गाडी झुकती तसतसा तो सोडत जायचा. हे मला कळायला दोन महिने लागले. बुद्धचं तिसरं वळण आहे ना, चढावर उजवीकडं, ज्याच्या पुढं किलोमीटरभराची सरळ लागती? एका रात्री तिथं ब्रेक सोडत सोडत आत गेलो. पडद्यावर पुढचा शॉकप हळूच उठायला लागला आणि गाडी आपणहून आत वळली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मंडळींनी विचारलं काय झालं. आता त्यांना काय सांगणार?

गंमत पुढंय. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, म्हणलं, काका, वळताना गाडी ऐकत नाही. बघितलं तर पुढच्या शॉकपमधलं तेल निम्मं गळून गेलेलं. सील तर मी बावीस वर्षं बदलतोय, पण तो माणूस 'ऐकत नाही' का म्हणतो, ते त्या दिवशी नीट उमगलं.

आता सेटिंग. थेट मोटोजीपी वर्गाची गाडी घेतली असशील, 1000 सीसीची. ती सोड. त्याच गेममधला छोट्या गाड्यांचा वर्ग, मोटो3 घे. 250 सीसी, एकच सिलिंडर, अंगानं हलकी. दोन्ही ब्रेक एकत्र लागायची मदत आधी चालू ठेव, आठवड्यानं काढ. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी मदत) शून्यावर नेऊन मर्दानगी दाखवू नको. रस्त्यावरची रंगीत रेघ चालू असू दे, पण ती सांगती त्याच्या थोडं आधीच ब्रेक धर. आणि पडलास की तिथंच मागं नेऊन तेच वळण पाच वेळा कर. ते रिव्हाइंड_बंद रागावतील, रागावू दे.

मला मजा कुठं येते म्हणशील तर गॅरेजमधी. शर्यतीआधी शॉकपचा स्प्रिंग कडक-नरम कर, गिअर आखूड-लांब कर, आणि फरक फेरीच्या टायमात दिसतो. इथं एखाद्याला मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं बसवून दिलं तर तो महिन्यानं येऊन एवढंच सांगतो की ॲव्हरेज पडलं. शिवाय या 23 मध्ये कोरड्यात सुरू झालेल्या शर्यतीत मधीच पाऊस येतो. मग पिटात (टीमच्या थांब्यावर) जाऊन पावसाळी टायरची दुसरी गाडी घ्यायची. खऱ्या मोटोजीपीत हा नियम 2005 पासून आहे. केव्हा आत जायचं यावर मी दोनदा जिंकलोय आणि दहादा तोंडावर पडलोय.

आता खोट सांगतो, नाहीतर म्हणशील काका दलाल आहे.

पहिली, बुडाला काही कळत नाही. गाडी आपण सीटवरून ओळखतो. मागचं चाक सुटायला लागलं की आधी कंबरेला कळतं, मग डोक्याला. इथं हातातलं रिमोट थरथरतं, बस. कारच्या गेमवाल्यांना स्टिअरिंग मिळतं, ते हातात झटकेपण देतं. आपल्याला हँडल कोण देणार? त्यातून खऱ्या गाडीला वेगात उजवीकडं वळवायचं तर उजवं हँडल पुढं ढकलावं लागतं. आपण सगळे ते न कळत करतो. गेममधी काडी उजवीकडं केली की गाडी उजवीकडं झुकती, मधलं सगळं गेमनं गिळलं.

दुसरी, बाकीचे रायडर. त्यांना त्यांची रेघ पाठ असते आणि त्या रेघेवर तू आहेस हे त्यांच्या गावीच नसतं. तू जरा लवकर ब्रेक लावलास की मागून येऊन धडकणार. पडणार कोण? तू.

तिसरी, गाडीला काही होतच नाही. चेन ढिली पडत नाही, क्लच प्लेट जळत नाही. मेकॅनिकच्या पोटावर पाय आहे हा.

आणि भीती नाही. मागच्या गळीत हंगामात रात्री रेणापूरकडून यायलो होतो. ट्रॉलीतून सांडलेलं उसाचं वाढं रस्त्यावर चेंगरून त्याचा लगदा झालेला, वर दव. वेग चाळीसच्या आतच होता. मला काही कळायच्या आत मी आडवा आणि गाडी माझ्या पायावर. इंजिन चालूच, मागचं चाक गरगर फिरायलं होतं, आणि पोटरीला सायलेन्सर चिकटलेला. अंधारात हात लांबवून चावी बंद करेपर्यंत तेवढा एकच आवाज येत होता. तो डाग अजून आहे. गेममधी याच्या जागी एक बटन आहे.

ठेव गेम. पण मोटो3 घे.

गोदाकाठ_नांदेड

काकांचं पटलं, फक्त एक जोडते. मी बँकेत आहे, आयुष्यात गिअरची गाडी चालवलेली नाही, स्कूटीच. तरी भावाच्या कन्सोलवर मला हे गेम त्याच्यापेक्षा चांगले जमतात. मोडायला जुनी सवयच नव्हती ना! त्यामुळं दादा, सहा वर्षं पल्सर चालवल्याचं मनावर घेऊ नका.

मला मोटोजीपीपेक्षा आयल ऑफ मॅन टीटीचा गेम आवडतो, म्हणजे ब्रिटनजवळच्या त्या बेटावरच्या बाइक शर्यतीचा. तिथं मैदानातलं सर्किट नाही, खरे गावातले रस्ते आहेत. घरांच्या भिंती, खांब, फुटपाथ, सगळं हाताच्या अंतरावर. एक फेरी 60 किलोमीटरची, वळणं दोनशेच्या वर. लातूर ते अंबाजोगाई साधारण तेवढंच ना काका? पीटर हिकमन या रायडरनं 2023 मध्ये ती फेरी 16 मिनिटं 36 सेकंदांत मारली. एसटी तेवढ्या वेळात लातूरच्या बाहेर पडली तरी पुष्कळ.

पण पाठ करायचं किती! मला फक्त पहिले दहा किलोमीटर येतात, पुढं दर भिंत नवीन. पंधराव्या मिनिटाला आदळले की रिमोट गादीवर फेकते (जमिनीवर नाही, भावाचा आहे). आणि काका भीती नाही म्हणाले, तर या गेममधी मला थोडी वाटते. त्या डोंगरी रस्त्यावर 1911 पासून शर्यती चालू आहेत आणि आजवर अडीचशेहून जास्त रायडर जीवानिशी गेलेत. ते वाचल्यापासून तिथल्या बलाफ पुलावर गाडी उडते तेव्हा मी श्वास धरते.

रिव्हाइंड_बंद

काका, रागावलो नाही. पण मागं नेऊन शिकलेलं वळण शर्यतीत टिकत नाही, असा माझा अनुभव. मी पडलो तर पडलो, शेवटून पहिला येतो. आणि तेवढं खरंय, ते मागून धडकणारे रायडर बघितले की परभणी-गंगाखेड रस्त्यावरचे काळीपिवळीवाले आठवतात.

शॉकपवाले_काका

ताई, लातूर बरोबर तेवढंच. आणि मधी स्पीडब्रेकर किती ते हिकमनला विचारा. 'आला' म्हणायच्या आत गाडी वर जाती.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

अपडेट. काल सुट्टी होती. मोटो3 घेतली, दोन्ही ब्रेक एकत्र ठेवले, ट्रिगर आधी हलका मग जोरात. आठ-दहा प्रयत्नांनी पहिलं वळण निघालं. मग म्हणलं एक फेरी पूर्ण करू. फेरी झाली, मग दुसरी. घड्याळ बघितलं तर स्टीम म्हणतंय 2 तास 50 मिनिटं. परत करायचा विषयच संपला, विचारसुद्धा करायला मिळाला नाही.

शर्यत लावली. शेवटच्या फेरीला मी चौदावा होतो, एकदाही पडलेलो नव्हतो. रूममेट मागं उभा राहून ओरडायलेला. तिसऱ्या वळणाला मागून एकानं ठोकलं, तरी सावरलो. पुढच्या सरळीला लागलो आणि लाइट गेली. दोघंही अंधारात गप्प बसलो. चौदावा नंबर कुणीच लिहून घेतला नाही.

अजून एक. आज सकाळी कामाला जाताना पुढचा ब्रेक मुद्दाम तसा हलका-मग-जोरात धरून बघितला. गाडी लवकर थांबती, पण पुढून 'खट' असा आवाज येतो आणि हँडल जरा जास्तच खाली जातं. आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. काका, रविवारी घेऊन येऊ का अंबाजोगाईला?

शॉकपवाले_काका

त्यासाठी दोनशे किलोमीटर येतोस? वाळूजमधी कुणीही बघून देईल. त्याआधी घरीच बघ. शॉकपच्या चकचकीत नळ्या फडक्यानं पुसून कोरड्या कर. मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर अंग टाकून सहा-सात वेळा दाब. नळीवर तेलाचं कडं उमटलं तर सील गेलं. दोन्ही बाजूची बदल, एकाच बाजूची नाही. तेल पण नवीन टाकायला सांग. आणि कडं नाही उमटलं, पण ब्रेक धरून गाडी मागं-पुढं हलवल्यावर खट वाजलं, तर हँडलचा कोनसेट ढिला असल. तो आवळायला दहा मिनिटं लागतात. गिऱ्हाईक ओळखीचं नसलं तर अर्धा तास.